उचल : थांबलेल्या मोटारीच्या शक्तिक्षयाचे निदान – प्रस्तावना

इंजिन सुरू असलेली मोटार थांबलेल्या जागेवरून निघताना, अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही, अपेक्षित जोराने पुढे जात नाही, या घटनेला पुस्तकी भाषेत शक्तिक्षय म्हणता येईल. खानदेशातल्या गॅरेजमध्ये मात्र तिला ‘गाडी उचलत नाही’ किंवा ‘पिकअप गेला’ एवढेच म्हणतात. हे वाक्य अचूक असले तरी अपुरे आहे, कारण त्यात किमान चार वेगवेगळ्या तक्रारी एकत्र बांधलेल्या असतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी इंजिनाच्या फेऱ्याच वाढत नाहीत, ही पहिली तक्रार. फेऱ्या वाढतात, आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने सरकत नाही, ही दुसरी. गाडी क्षणभर दबते आणि मग एकदम झेप घेते, ही तिसरी. आणि गाडी झटके खात, अडखळत निघते, ज्याला मिस्त्री ‘मिसिंग’ म्हणतात, ही चौथी. या चारही तक्रारींची कारणे निराळी, तपासण्या निराळ्या आणि खर्चही निराळे असतात. परंतु मालकाच्या तोंडून त्या एकाच वाक्यात बाहेर पडतात आणि बहुतेक वेळा त्या वाक्यावरूनच दुरुस्तीला हात घातला जातो.

ते वाक्य सुटे करून पाहणे हा प्रस्तुत पुस्तकाचा हेतू आहे. कोणता भाग बिघडला, या प्रश्नाच्या आधी शक्ती कोणत्या टप्प्यावर हरवते, हा प्रश्न विचारला पाहिजे, हे त्याचे मुख्य प्रतिपादन असून पुढील सर्व प्रकरणे या एका क्रमाचा विस्तार आहेत.

हा दोष थांबलेल्या अवस्थेतून निघतानाच प्रकर्षाने का जाणवतो, याचे उत्तर इंजिनाच्या स्वभावात आहे, आणि भुसावळच्या वाचकाला ते रेल्वेच्या उदाहरणाने चटकन उमगेल, कारण मुंबईहून येणारा लोहमार्ग जिथे नागपूर आणि इटारसी अशा दोन दिशांना फुटतो त्या या जंक्शनवर हजारो टनांची मालगाडी जागेवरून हलताना पाहणे ही येथील रोजची बाब आहे. विजेच्या इंजिनातील मोटारीचा टॉर्क, म्हणजे आस फिरवणारा पीळ, वेग शून्य असतानाच जवळजवळ सर्वाधिक असतो. तेथे अडचण येते ती चाक रुळावर घसरण्याची, आणि म्हणून चाकापुढे वाळू सोडण्याची सोय इंजिनाला केलेली असते. पेट्रोल किंवा डिझेलवर चालणाऱ्या इंजिनाचे याच्या अगदी उलट आहे. त्याला शून्य फेऱ्यांना काहीच पीळ देता येत नाही, ते आधी स्वतः फिरत असावे लागते, आणि फिरते इंजिन व थांबलेले चाक यांची गाठ सावकाश घालून देण्यासाठी क्लच लागतो. एक लिटरच्या आसपास क्षमतेचे लहान पेट्रोल इंजिन मिनिटाला सुमारे ३५०० फेऱ्यांना ९० न्यूटन-मीटरच्या जवळपास पीळ देते. गाडी निघते त्या क्षणी मात्र ते हजार-दीड हजार फेऱ्यांवर असते आणि त्याच्यापाशी त्याहून बराच कमी पीळ असतो. वेग आल्यावर गाडीची गतीच तिला साथ देते, पण सुटताना अशी कोणतीही राखीव पुंजी नसते. त्यामुळे थोडी शक्ती गमावलेली गाडी महामार्गावर ताशी ८० किलोमीटरने विनातक्रार धावते आणि तीच गाडी रेल्वेवरील उड्डाणपुलाच्या चढावर थांबून निघताना धापा टाकते.

याला आणखी एक कारण आहे. अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला की हवेचे दार, म्हणजे थ्रॉटल, उघडते आणि हवा तत्काळ आत शिरते. पेट्रोल मात्र जड असल्यामुळे त्याचा काही अंश नळीच्या भिंतींना चिकटतो आणि सिलिंडरात पोहोचणारे मिश्रण क्षणभर विरळ होते. कार्बोरेटरच्या काळात ही उणीव भरून काढण्यासाठी त्यात एक छोटा पंप असे, जो पाय दाबताच पेट्रोलची जादा चिळकांडी सोडत असे. आजच्या गाडीत तेच काम संगणक इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवून करतो. गाडी आधी दबते आणि मग झेप घेते, ही तिसरी तक्रार बहुधा याच क्षणाशी निगडित असते.

स्थलकाळाचा विचार केल्याशिवाय या विषयाचे विवेचन पुरे होत नाही, आणि या बाबतीत भुसावळ हे अभ्यासाचे उत्तम ठिकाण आहे. येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही. हवा तापली की ती पातळ होते. जानेवारीतील १५ अंशांच्या सकाळच्या तुलनेत ४५ अंशांच्या दुपारी तेवढ्याच जागेत सुमारे नऊ टक्के हवा कमी मावते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, तेव्हा हवा कमी म्हणजे जाळता येणारे पेट्रोलही कमी, आणि हवा दाबून भरणारा टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती त्या मानाने उतरते. त्यात अशा दुपारी वातानुकूलन यंत्र सुरू असतेच. त्याचा कॉम्प्रेसर इंजिनाकडूनच शक्ती घेतो आणि लहान इंजिनाला तो वाटा चांगलाच जाणवतो. याशिवाय तापलेल्या इंजिनात मिश्रण अवेळी पेटून ठोका बसू नये म्हणून संगणक ठिणगीची वेळ मागे सारतो, त्यामुळेही पीळ घटतो. अशा रीतीने पूर्णपणे निरोगी गाडीसुद्धा मे महिन्यात थोडी मंद निघते, आणि हा मंदपणा दोष नसून परिस्थिती आहे. दोष आणि परिस्थिती वेगळे काढणे ही निदानाची पहिली पायरी होय. म्हणून गाडीची परीक्षा करताना तीच वेळ, तोच रस्ता, तितकीच माणसे आणि वातानुकूलन बंद, अशा समान अटींवर तुलना करावी, असा आग्रह या पुस्तकात सर्वत्र धरला आहे.

उष्णतेच्या जोडीला धूळ येते. तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात भुकटीसारखी उडते. रावेर, यावल, सावदा, फैजपूर या केळीच्या पट्ट्यात शेतरस्त्यांनी फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर गाडीच्या पुस्तिकेत छापलेल्या अंतराच्या बराच आधी कोंडतो, कारण पुस्तिकेतील अंतर सामान्य रस्ता गृहीत धरून लिहिलेले असते. चढाचीही उणीव नाही. फर्दापूरकडून अजिंठ्याचा घाट चढताना किंवा चाळीसगावहून कन्नडकडे जाणाऱ्या औट्रम घाटात वळणावर थांबून पुन्हा निघताना क्लच आणि इंजिन या दोघांचीही खरी परीक्षा होते.

निदानाची रीत काळाप्रमाणे बदलत गेली आहे. १९८३ साली मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा तिच्या ७९६ घन सेंटिमीटरच्या तीन सिलिंडरांच्या इंजिनाला कार्बोरेटर होता, आणि पद्मिनी व अ‍ॅम्बेसेडर या तिच्या आधीच्या गाड्यांप्रमाणेच तिचे ‘ट्यूनिंग’ मिस्त्री कानाने, नाकाने आणि स्क्रू ड्रायव्हरने करीत असे. २००० सालापासून देशभर लागू झालेल्या प्रदूषणाच्या मर्यादांमुळे पेट्रोल गाड्यांतून कार्बोरेटर हद्दपार होत गेला आणि इंजेक्टर, संवेदक व संगणक आले. पुढे याच मर्यादांच्या भारत स्टेज-४ या टप्प्यात गाडीने स्वतःच्या दोषांची नोंद स्वतः ठेवण्याची व्यवस्था सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ने डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी गाळणी आणली. प्रत्येक टप्प्यावर जुने दोष गेले नाहीत. त्यांच्यावर नवे दोष चढले. स्कॅनर हाती आल्यावर कानाची गरज संपली, हा समज म्हणूनच चुकीचा ठरतो. इंजिनाच्या संगणकाला क्लच घसरल्याचे कळत नाही, अडकलेला ब्रेक दिसत नाही आणि टायरातील कमी हवा सहसा मोजता येत नाही.

यावरून तपासणीचा क्रम ठरतो. पहिला प्रश्न असा की, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर फेऱ्या वाढतात की नाही. फेऱ्या झपाट्याने वाढत असतील आणि गाडी मागे राहत असेल, तर शक्ती तयार होत आहे, ती वाटेत हरवत आहे; अशा वेळी प्लग, फिल्टर आणि इंजेक्टर यांना हात लावण्याचे कारण नाही. क्लच प्लेट घसरते की काय, हे पाहण्याची जुनी चाचणी साधी आहे. मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक पूर्ण ओढून, गिअर वरचा टाकून, थोडी रेस देत क्लच सावकाश सोडला असता निरोगी क्लचची गाडी लगेच बंद पडते. इंजिन चालूच राहिले तर प्लेट घसरत आहे, असे समजावे. ही चाचणी एकदाच करावी, कारण ती वारंवार केल्यास चांगली प्लेटही जळते.

दुसरा प्रश्न गाडीला कोणी मागे ओढते आहे काय, हा आहे. चार-पाच किलोमीटर चालवून थांबल्यावर चारही चाकांजवळ, स्पर्श न करता, हात धरून पाहिला आणि एक चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम लागले, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही. कॅलिपरची पिन गंजलेली असते किंवा हँडब्रेकची केबल अडकलेली असते. या तपासणीला एक पैसाही खर्च येत नाही, आणि तरीही ती सर्वांत जास्त वेळा वगळली जाते.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आली की मगच इंजिनाकडे वळावे. इंजिनाला शक्तीसाठी हवा, इंधन, ठिणगी आणि दाब या चार गोष्टी लागतात व जळालेला धूर बाहेर जाण्यासाठी मोकळी वाट लागते. येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: इंजिन जागेवर सुरळीत चालते म्हणून ते निरोगी असे सिद्ध होत नाही. प्लगच्या फटीत ठिणगी उडण्यासाठी लागणारा विद्युतदाब सिलिंडरात हवा जितकी दाटीने भरलेली तितका वाढतो. जागेवर चालताना सिलिंडर अर्धवटच भरलेले असते, त्यामुळे थकलेली कॉइल किंवा झिजलेला प्लग तेथे निभावून जातो. गाडी निघताना थ्रॉटल उघडून सिलिंडर भरले की तोच प्लग ठिणगी चुकवतो. तीन सिलिंडरांच्या इंजिनात एक सिलिंडर गळाले की एक तृतीयांश शक्ती जाते, आणि भारतातील लहान गाड्यांपैकी पुष्कळ गाड्या तीन सिलिंडरांच्या असल्यामुळे मिसिंगची तक्रार येथे इतकी ठळक असते.

हवा आणि इंधन यांच्या बाबतीत संगणकाची साक्ष मोलाची ठरते, मात्र ती वाचता आली पाहिजे. धुराच्या नळीतील ऑक्सिजन संवेदक मिश्रण विरळ आहे की दाट, हे सांगतो आणि त्यावरून संगणक इंधन किती टक्क्यांनी वाढवायचे वा घटवायचे हे ठरवतो. या दुरुस्तीच्या आकड्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. हा आकडा दहा टक्क्यांच्या वर सतत अधिक राहत असेल, तर मिश्रण विरळ पडते आहे. हवेचे वजन मोजणारा संवेदक असलेल्या गाडीत आकडा जागेवर जास्त आणि फेऱ्या वाढवल्यावर कमी होत असेल, तर एखादी नळी फाटून चोरटी हवा आत शिरत असते. उलट जागेवर तो ठीक आणि भार पडल्यावर वाढत असेल, तर टाकीतील पंपाचा दाब कमी पडतो, फिल्टर कोंडला आहे किंवा हवेचा संवेदकच मळून कमी मोजतो आहे. ज्या गाड्यांत हवेचे वजन न मोजता नळीतील दाब मोजला जातो, त्यांत चोरटी हवाही मोजली जाते, म्हणून तेथे ट्रिम फारसा न वाढता इंजिनाच्या जागेवरील फेऱ्याच वाढतात. भारतातील अनेक लहान गाड्या या दुसऱ्या प्रकारच्या आहेत, आणि पहिल्या प्रकारासाठी लिहिलेले नियम त्यांना जसेच्या तसे लावल्यामुळे पुष्कळ निदाने फसतात.

धुराच्या वाटेचे उदाहरण येथे थोडे विस्ताराने देणे योग्य होईल, कारण निदान आणि भाग बदलणे यांतील अंतर त्यातून स्पष्ट होते. सायलेन्सरच्या आधी बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिक वीट असते. ती वितळून किंवा फुटून कोंडली की धूर बाहेर पडत नाही, धूर अडला की नवी हवा आत येत नाही, आणि गाडी निघताना कोणीतरी मागून धरल्यासारखी वाटते. हे ओळखण्यासाठी इंजिनाच्या हवा-नळीला निर्वात मोजणारे घड्याळ जोडतात. निरोगी पेट्रोल इंजिन जागेवर पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवते. फेऱ्या २५०० वर नेऊन तिथेच धरल्या असता काटा स्थिर राहिला तर वाट मोकळी आहे, आणि तो हळूहळू खाली उतरत गेला तर ती कोंडलेली आहे. आता येथे कन्व्हर्टर बदलून गाडी मालकाच्या हवाली केली, तर काम अर्धेच झालेले असते. वीट आपोआप वितळत नाही. एखादा प्लग ठिणगी चुकवत असेल तर न जळलेले पेट्रोल तिच्यावर जाऊन पेटते आणि तिचे तापमान वाढवते. प्लग तसाच राहिला, तर नवी महागडी वीटही त्याच वाटेने जाते. कारणाचे कारण सापडेपर्यंत निदान पूर्ण होत नाही, हे तत्त्व या पुस्तकात वारंवार आले आहे.

डिझेल गाड्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. १९९८ साली आलेल्या पहिल्या डिझेल इंडिकाला टर्बो नव्हता, त्यामुळे तिची उचल मंद असली तरी सारखी असे. पुढील टर्बो इंजिनांत फेऱ्या साधारण दीड हजारांवर जाईपर्यंत टर्बो पुरेशी हवा भरत नाही, आणि ही स्वाभाविक दिरंगाई दोष समजून अनेक चांगले टर्बो उतरवले जातात. येथे धुराचा रंग हा चांगला साक्षीदार आहे. उचल नाही आणि धूर काळा, तर हवा कमी पडते आहे: एअर फिल्टर कोंडला असेल, इंटरकूलरची नळी फाटली असेल, किंवा धुराचा काही भाग इंजिनात परत पाठवणारी ईजीआर झडप काजळीने उघडी अडकली असेल. उचल नाही आणि धूरही नाही, तर डिझेलच पुरेसे पोहोचत नाही, आणि शोध डिझेल फिल्टर, त्यातील पाणी आणि पंपाकडे वळवावा. काजळीची गाळणी असलेल्या गाडीत मात्र ही साक्ष मिळत नाही, कारण काजळी आतच अडते. शिवाय ती जळून साफ होण्यासाठी सुमारे ६०० अंशांचे तापमान लागत असल्याने केवळ स्टेशन, बाजार आणि घर एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीची गाळणी भरत जाते.

इथेनॉलविषयी सध्या बरीच चर्चा आहे, म्हणून त्याचाही परामर्श घेतला आहे. २०२३ पासून विक्रीस आलेले आणि २०२५ पर्यंत देशभर पोहोचलेले २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल प्रतिलिटर सहा-सात टक्के कमी ऊर्जा देते. संगणक ही तूट जास्त इंधन सोडून भरून काढतो, त्यामुळे मुख्य फरक अ‍ॅव्हरेजमध्ये पडतो, उचलीत नव्हे. जुन्या गाडीत मात्र इथेनॉल टाकीतील साचलेला गाळ सोडवते, पाणी शोषून घेते आणि फिल्टर कोंडवते. तक्रार पेट्रोलची वाटते, तपासायचा असतो फिल्टर.

पुस्तकाची रचना या क्रमानेच केली आहे: आधी परिस्थिती, मग क्लच आणि ब्रेक, त्यानंतर हवा, इंधन, ठिणगी, दाब व धुराची वाट, आणि सर्वांत शेवटी संवेदक व संगणक. विनाखर्चाच्या तपासण्या आधी आणि खर्चाच्या नंतर, हा नियम मालकाच्या खिशासाठी जितका हिताचा तितकाच मिस्त्रीच्या नावलौकिकासाठीही आहे. हे पुस्तक मिस्त्रीची जागा घेण्यासाठी लिहिलेले नाही. इंधनाच्या दाबाची मोजणी आणि डिझेलच्या कॉमन रेलचे काम, जिथे दाब हजार बारच्या वर जातो आणि बारीक फवाराही कातडी भेदतो, प्रशिक्षित हातांवरच सोपवावे.

अखेरीस वाचकाला एक विनंती करणे उचित ठरेल. रेल्वेच्या प्रत्येक इंजिनात लॉगबुक असते आणि इंजिन ताब्यातून सोडताना लोको पायलट त्यात दोष लिहून ठेवतो. शेडमधील काम त्या नोंदीपासून सुरू होते. मोटारमालकाने हीच शिस्त घरी आणावी, आणि ती गाडी निरोगी असतानाच आणावी. जागेवरील फेऱ्या, टायरातील हवा, फिल्टर बदलल्याची तारीख आणि ठरावीक चढावर, ठरावीक वेळी, वातानुकूलन बंद ठेवून गाडी कशी निघते, एवढ्या चार गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या असल्या, तर पुढे कधी ‘गाडी उचलत नाही’ असे म्हणण्याची वेळ आली असता मिस्त्रीला ते पान आधी दाखवावे आणि बॉनेट नंतर उघडू द्यावे.